पाचवा सोबेइ

माझं लग्न ठरत होतं तेव्हा माझ्या वडिलांनी मध्यस्थ बाईंना एकच प्रश्न विचारला. मुलगा किती शिकलाय, पितो का, सासू कशी आहे, यातलं काही नाही. ते म्हणाले, "हा सोबेइ होणारा का?"

"नाही हो," मध्यस्थ बाई म्हणाल्या. "हा धाकटा. सोबेइ थोरला होणार, लढाईवरून आला की."

लढाई संपून तेव्हा चार वर्षं झाली होती.

वडील जरा हिरमुसलेच. ताजिमातल्या आमच्या नदीकाठच्या गावात सोबेइ म्हणजे शोयु आणि शोयु म्हणजे सोबेइ. सोयाबीन आणि गहू मिठाच्या पाण्यात घालून दोन उन्हाळे पिंपांत मुरू द्यायचे आणि मग त्याचा काळा रस गाळायचा, हा त्या घराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. पाटीवर सोबेइ, बाटलीवर सोबेइ. घरातला कर्ता पुरुष गेला की त्याच्यामागे जो कारभार घेईल त्याने जन्माचं नाव सोडायचं आणि सोबेइ व्हायचं, तेही रीतसर, सरकारदरबारी अर्ज करून. त्यानंतर सगळ्यांनी त्याला सोबेइच म्हणायचं, मग ती त्याला अंगावर पाजणारी आई का असेना.

गावाला या प्रकाराची इतकी सवय झाली होती, की लोक असं बोलत जसा काही एकच सोबेइ दीडशे वर्षं जगतोय आणि मधूनमधून त्याचा स्वभाव बदलतोय. "मागच्या खेपेला सोबेइ बरा होता, या खेपेला तापट निघाला," असं माझी आजी म्हणायची. ओळख पटावी म्हणून प्रत्येकाला टोपणनाव मात्र होतं. पहिला एकपिंपी सोबेइ, कारण तो गावात आला तेव्हा त्याच्याकडे एकच पिंप होतं. दुसरा बहिरा सोबेइ. तो फक्त बायको बोलू लागली की बहिरा व्हायचा, एरवी कान तिखट होते म्हणतात. तिसरा घरजावई सोबेइ. बहिऱ्याला मुलगाच नव्हता, म्हणून खडावा करणाऱ्याच्या घरातून जावई आणला आणि त्याला नाव दिलं. आणि गाव अजून सांगतं, की शोयु खरं चांगलं झालं ते त्याच्याच हातात. चौथे माझे सासरे, गडगड्या सोबेइ. आवाज असा की पलीकडच्या काठावरचे बगळे उडायचे. पण आभाळात गडगडलं की हेच रिकाम्या पिंपात जाऊन बसायचे. हे मी स्वतः पाहिलं आहे.

माझ्या नवऱ्याचं नाव तामोत्सु. तोंडावर मी त्याला कायम अहो-जाहो केलं, पण इथे माझं मी सांगते आहे, तर तामोत्सुच म्हणेन. ते नाव वापरायला आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

सासरच्या पहिल्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरातून पानं मोजून आणली: सासरे, सासूबाई, तामोत्सु आणि मी. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "एक राहिलं."

"पाहुणे येणार आहेत का, आई?"

"इवाओचं."

इवाओ म्हणजे थोरला, लढाईवर गेलेला. मांचुरियात होता, लढाई संपली तेव्हा रशियनांनी धरून नेलं, एवढं कळलं होतं. पुढे काही नाही, पत्र नाही की मेल्याचा कागद नाही. घरापासून दूर असलेल्या माणसाचं पान घरी रोज मांडलं, की तो जिथे असेल तिथे उपाशी राहत नाही, अशी आमच्याकडची समजूत. त्याला सावलीचं पान म्हणतात. माझ्या माहेरीही काका मासेमारीला जायचे तेव्हा काकू मांडायची. पण ते चार दिवसांचं असायचं. इथे मी सून म्हणून आले त्या दिवसापासून एका माणसाला रोज वाढत होते, आणि तो माणूस मी कधी पाहिलेला नव्हता.

पाहिला नव्हता, पण त्याच्या खोडी माझ्याइतक्या कुणाला माहीत नसतील. सासूबाई मागे उभ्या राहून सांगायच्या, "त्याला गाजर नको. मुळ्याचं लोणचं जाड काप. माशाचं डोकं त्याच्याकडे कर, त्याला डोळे आवडतात." मला सुरुवातीला फार राग यायचा. नवऱ्याला शेपटीचा तुकडा आणि न पाहिलेल्या दिराला डोकं! मनातल्या मनात मी त्याच्याशी भांडायचे. 'भाऊजी, गाजर खाल्लं असतंत तर काय बिघडलं असतं,' असं मी भाजी निवडताना म्हणायचे. आणि जेवणं उरकल्यावर ते पान कुणी तरी संपवायचंच, ते सुनेच्या वाट्याला यायचं. लग्नानंतर वर्षभरात मी चांगली गरगरीत झाले. माहेरी गेल्यावर आई म्हणाली, "सासर मानवलं हो तुला." मी म्हटलं, "दीर मानवले."

त्या पानात एक लाकडी वाडगी असायची, मिसोच्या म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या सुपाची, झाकणाची. सगळ्यांची जेवणं झाली की सासूबाई पुढे सरकून ते झाकण उचलायच्या आणि उलटं करून दिव्याशी धरायच्या. आतून पाण्याचे थेंब असले तर माणूस जिवंत आहे, असं मानतात. थेंब असायचेच. "बरा आहे," सासूबाई म्हणायच्या, आणि सासरे घसा खाकरून पाइप भरायला घ्यायचे.

आता उकळतं सूप झाकून ठेवलं तर झाकणाला घाम येणारच. त्यात इवाओचा काय संबंध? मी हे एकदा तामोत्सुला बोलून दाखवलं. आम्ही दोघं पिंपांवर होतो, तो लांब दांड्याने आंबवण ढवळत होता.

"मला माहितेय," तो म्हणाला. "दादाला पण माहीत होतं. लहानपणी बाबा ओसाकाला गेले की आई त्यांचं पान मांडायची, तेव्हा दादा मला गुपचूप दाखवायचा, बघ, गार ठेवलं की थेंब येत नाहीत."

"मग?"

"मग काही नाही. तू आपलं उकळतंच वाढत जा."

बस, एवढंच. मी उकळतं वाढत गेले.

सासरे गेले ते माझ्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, पानगळीत, आभाळ निरभ्र असताना. त्यांना पिंपात लपायचीही वेळ आली नाही. आणि घर सोबेइशिवाय राहिलं. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. पहिलं वर्ष सरलं, दुसरं सरलं. पाटीवर सोबेइ, बाटलीवर सोबेइ, आणि दारात कुणी येऊन "सोबेइ आहेत का?" म्हणून विचारलं की आम्ही एकमेकांकडे बघायचो. मात्सुझो म्हणून आमचा जुना कारागीर होता, तो तर उघडच म्हणायचा, "मी दोन सोबेइंच्या शिव्या खाऊन मोठा झालो. आता शिव्या द्यायलाच कुणी नाही. पिंपंसुद्धा आळसावलीत."

"मी देऊ का शिव्या?" तामोत्सु विचारायचा.

"तुम्हाला नाही जमायच्या. त्याला सोबेइच लागतो."

तामोत्सुला नाव नको होतं असं नाही. मला वाटतं, त्याला ते हवंही होतं. पिंपांत त्याचा जीव होता, पहाटे उठून तो आंबवणाचा वास घेत फिरायचा. पण ते नाव दादाचं होतं. लहानपणापासून घरात, शाळेत, देवळात सगळे इवाओला पुढचा सोबेइ म्हणत आले होते, आणि इवाओही मोठ्या ऐटीत ते मिरवायचा. धाकट्याने आता ते घेतलं असतं, तर त्याचा अर्थ एकच झाला असता, की दादा मेला असं घराने ठरवलं. आणि ते ठरवणारा तामोत्सु. आईच्या समोर, रोज मांडल्या जाणाऱ्या पानाच्या समोर. ते त्याच्याने होईना.

यावर त्याच्या पाठीमागे लागले ते तोराझो काका, सासऱ्यांचे धाकटे भाऊ. गावात त्यांचं छत्र्यांचं दुकान होतं आणि पाऊस नसला की ते आमच्याकडे येऊन बसायचे. माणूस वाईट नव्हता, पण तोंडाला कुलूप नव्हतं.

"अरे, नाव म्हणजे काय गाडीतली जागा आहे," ते म्हणायचे, "गाठोडं टाकून धरून ठेवायला?"

"गाठोडं माझं नाहीये ना, काका. दादाचं आहे. मी कसं उचलून फेकू?"

"आणि तोवर घर बिनसोबेइचं? ओसाकाचे व्यापारी काय म्हणतात ठाऊक आहे? म्हणतात, सोबेइकडे आता सोबेइच नाही, म्हणजे घर बुडालं. वहिनी, तुम्ही तरी सांगा याला."

सासूबाई चहा ओतत राहायच्या. त्या एवढंच म्हणायच्या, "जहाजं अजून येतायत, भाऊजी."

ते खरं होतं. सायबेरियातून माणसं घेऊन माइझुरु बंदरात जहाजं येत होती. कधी वर्षभर एकही नाही, मग अचानक एक. दर जहाजाला तामोत्सु जायचा. पांढऱ्या कापडावर मोठ्या अक्षरांत इवाओचं नाव आणि खाली घराचं नाव लिहून तो धक्क्यावर उभा राहायचा, त्याच्यासारख्याच शेकडो माणसांत. परत यायचा तेव्हा ते कापड नीट घडी करून आणायचा. मी धुवायचे, इस्त्री करायचे आणि कपाटात ठेवायचे.

माझ्या लग्नाला सात वर्षं झाली त्या हिवाळ्यात बातमी आली, की आता येतंय ते शेवटचं जहाज. त्याच आठवड्यात काका आले, दारातच छत्री झटकली आणि बसायच्याही आधी बोलायला लागले.

"हे बघ तामोत्सु, मी वाईट दिसेन, दिसू दे. शेवटचं जहाज म्हणतायत. इवाओ त्यातून उतरला तर मी स्वतः त्याला खांद्यावर घेऊन गावभर नाचवीन. नाही उतरला, तर वसंतापर्यंत तू सोबेइ हो. तुला जमत नसेल तर माझा पोरगा मासारु आहे."

"मासारुला विचारलंत का, काका?"

"त्याला काय विचारायचं?"

"त्याला शोयुचा वासही सहन होत नाही. जेवायला आला की बाटली लांब ठेवतो."

"होईल सवय," काका म्हणाले, पण त्यांचा आवाज जरा खाली आला. मग त्यांनी सासूबाईंकडे बघितलं. "वहिनी, माझ्या दादाच्या घरात दुसरा कुणी बसावा अशी माझी का इच्छा आहे? पण घर तर राहिलं पाहिजे."

सासूबाई म्हणाल्या, "जहाज तर येऊ द्या."

तामोत्सु गेला आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आला. गुडघाभर बर्फ पडलेलं होतं. मी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी, मातीच्या ओट्यावर त्याचे ओले बूट ओढून काढत होते. नेहमीसारखं कापड काखेत होतं, पण घडी केलेलं नव्हतं, तसंच चुरगळलेलं होतं. माझ्या ते लक्षात आलं आणि माझे हात थांबले.

"कुनिए," तो हळूच म्हणाला, "दादा गेला."

"कुणी सांगितलं?"

"एक माणूस उतरला जहाजातून. कापड वाचून माझ्यापाशी थांबला. तो आणि दादा एकाच छावणीत होते." त्याने श्वास घेतला. "पहिल्याच हिवाळ्यात. आजाराने नाही गं. उपासाने."

मी तशीच बूट हातात धरून बसले. अकरा वर्षं झाली होती त्या हिवाळ्याला. म्हणजे मी लग्न होऊन आले तेव्हाही तो नव्हताच. माशाची ती सगळी डोकी, जाड कापलेला मुळा, ते काढून ठेवलेलं गाजर. मला एकदम रडू फुटलं, न पाहिलेल्या माणसासाठी, आणि मी तोंडात पदर कोंबतात तशी किमोनोची बाही कोंबली.

"आईला सांगायचं, गेला म्हणून," तामोत्सु म्हणाला. "पण उपाशी गेला हे कधी सांगायचं नाही. तुला शपथ आहे."

आमच्या घरांच्या भिंती कागदाच्या. पलीकडे सासूबाई तांदूळ धूत होत्या आणि तांदूळ धुण्याचा आवाज थांबला होता. पण ते मला नंतर आठवलं. त्या वेळी आत गेलो तर त्या नेहमीसारख्या चुलीपाशी होत्या. तामोत्सुने सांगितलं, "आई, दादा आला नाही." त्याला पुढचं बोलवेना. सासूबाई म्हणाल्या, "पाय शेक आधी." त्या संध्याकाळी पान मांडलं, मी उकळतं वाढलं, त्यांनी झाकण उचललं, थेंब पाहिले आणि खाली ठेवलं. "बरा आहे" मात्र म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी काका आले होते. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण तामोत्सुचा चेहरा बघून त्यांनी छत्र्यांचा विषय काढला. जेवायची वेळ झाली तसं सासूबाई मला म्हणाल्या, "आज त्याचं मी वाढते. तू बस."

मी बसले. त्यांनी पान आणून नेहमीच्या जागी ठेवलं. भात, मासा, मुळा, झाकलेली वाडगी. आम्ही जेवलो. मग त्या पुढे सरकल्या, झाकण उचललं, उलटं केलं, आणि या वेळी दिव्याशी न धरता आमच्यासमोर धरलं. आतून कोरडं ठाक.

वाडगीतल्या सुपाला वाफच नव्हती. त्यांनी ते दुपारीच काढून व्हरांड्याबाहेर बर्फात ठेवलं होतं. रिकामी जागा मी नंतर पाहिली. बर्फात वाडगीचा गोल खळगा उमटला होता.

काका तोंड उघडून बघत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या तोंडातून काही आलं नाही.

"कोरडं आहे," सासूबाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा, मीठ संपलंय असं सांगावं तसा. "इवाओ गेला. आज गेला."

"आई," तामोत्सु म्हणाला.

"मला बोलू दे. तो लढाईवर गेल्यापासून एक दिवसही मी त्याचं पान चुकवलेलं नाही. लढाईत आपण रताळ्याची सालं खाल्ली तेव्हाही त्याला भात होता, मूठभर का होईना. नंतर या पोरीने वाढलं. डोकं त्याला, शेपटी नवऱ्याला, मनातून कुरकुरत का होईना, पण वाढलं." त्या माझ्याकडे वळल्या. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "तो या घरी जेवून गेलाय. माझा मुलगा उपाशी गेला असं कुणी म्हणायचं नाही. ना गावात, ना मागच्या दारात."

तामोत्सुने मान खाली घातली. तो लहान मुलासारखा रडला. सासूबाई रडल्या नाहीत. त्यांनी झाकण परत वाडगीवर ठेवलं, दोन्ही हातांनी, आणि म्हणाल्या, "नाव घे आता. वसंतात घे. घर असं उघडं ठेवू नये."

काका नाक शिंकरून म्हणाले, "मासारुला कळवतो. खूश होईल कार्टं."

वसंतात, नदीकाठची झाडं फुलून गेली तेव्हा, नाव घ्यायचा दिवस ठरला. मोठी खोली उघडून अंगणाकडचे सगळे सरकते दरवाजे काढून टाकले होते, तिथून थेट पिंपांची कोठी दिसायची. ओसाकाचे व्यापारी आले होते, देवळातले भिक्षू, गावातले मानकरी, कारागीर. मात्सुझो नवा सदरा घालून सगळ्यात मागे ताठ बसला होता. आमच्या घरची रीत अशी, की नाव घेणाऱ्याने आधी आपण कितवा सोबेइ ते सांगून सगळ्यांपुढे नमस्कार करायचा. मग घरातल्या सगळ्यात वडील माणसाने त्याला त्या नावाने पहिली हाक मारायची आणि त्याने ओ द्यायची. तेवढी ओ दिली की झाला तो सोबेइ. सासरे सोबेइ झाले तेव्हा त्यांच्या आजीने हाक मारली होती, आणि त्यांनी अशी ओ दिली की पंगतीतलं एक तान्हं मूल दचकून रडायला लागलं. मला ही गोष्ट तामोत्सुने सांगितली तेव्हा आम्ही दोघं खूप हसलो होतो. त्या दिवशी मी त्याच्या काळ्या किमोनोची गाठ बांधत होते तेव्हा तो म्हणाला, "आज मी जरा वेगळं बोलणार आहे. घाबरू नकोस."

"म्हणजे काय करणार आहात?"

"ऐक तर खरं."

तो सगळ्यांच्या समोर गुडघे टेकून बसला, हात चटईवर ठेवले आणि म्हणाला, "मी, सहावा सोबेइ, आपल्या सगळ्यांचा आशीर्वाद मागतो."

खोलीत कुजबुज झाली. बाजूलाच बसलेले काका तोंडावर हात धरून पुटपुटले, पण त्यांचं पुटपुटणंही पाच जणांना ऐकू जायचं, "पाचवा. अरे, पाचवा. चार झाले आहेत."

"चुकलो नाही, काका," तामोत्सु म्हणाला. "सहावाच."

ओसाकाचा एक व्यापारी बोटं मोजायला लागला. सासूबाईंनी मान वर करून मुलाकडे पाहिलं.

"पाचवे सोबेइ माझे थोरले भाऊ," तामोत्सु म्हणाला. "मी मान म्हणून म्हणत नाही. ते झाले होते. माइझुरुच्या धक्क्यावर मला जो माणूस भेटला, तो माझ्या कापडावरचं इवाओ हे नाव वाचून नाही थांबला. खाली सोबेइ लिहिलं होतं, ते वाचून थांबला. म्हणाला, आमच्यात एक सोबेइ होता, त्याच्या घरचे का तुम्ही?"

हे त्याने मलाही सांगितलं नव्हतं. इतके महिने ते पोटात ठेवून होता.

"तिथे त्यांना सगळे सोबेइच म्हणायचे. रात्री खायला नसायचं, तेव्हा डब्यात बर्फ वितळवून गरम पाणी करायचे आणि पीत बसायचे. दादा प्रत्येकाच्या डब्यावर बोटं धरायचा, बाटली धरल्यासारखी, आणि म्हणायचा, थांबा, यात आमच्या घरचे दोन थेंब पडू देत. आणि ती माणसं म्हणायची, सोबेइ, माझ्यात जरा जास्त घाल. चिक्कूपणा करू नकोस, सोबेइ. तो माणूस मला म्हणाला, आम्हाला चव लागायची हो, खरंच लागायची." तामोत्सुचा आवाज चिरकला, त्याने तो सावरला नाही, तसाच बोलत राहिला. "शेवटपर्यंत माझे भाऊ त्या नावाला ओ देत होते. आमच्यापैकी कुणी इतक्या उपाशी लोकांना वाढलेलं नाही. म्हणून ते पाचवे. मी त्यांच्यामागून आलो आहे. सहावा."

मात्सुझोने मागे मोठ्याने हुंदका दिला. काका चटईकडे बघत बसले होते, आणि मग त्यांनी चटईला डोकं टेकलं, तामोत्सुपुढे की कुणापुढे ते त्यांनाच ठाऊक.

आता हाक मारायची पाळी सासूबाईंची होती. त्या पुढे आल्या आणि बसल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. मी त्या घरात आल्यापासून त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, नवरा गेला तेव्हाही नाही. पण त्यांचं तोंड तामोत्सुकडे नव्हतं. अंगणाकडे होतं, जिथून कोठी दिसत होती आणि तिच्या मागे नदी.

"सोबेइ," त्यांनी हाक मारली.

मुलगा दूर खेळत असला आणि जेवायला बोलवायचं असलं की आई जशी हाक मारते, तशी लांब, चढती हाक. सगळी खोली तामोत्सुकडे बघू लागली. रीतीप्रमाणे त्याने ओ द्यायला हवी होती. तामोत्सु मान खाली घालून गप्प बसून राहिला. ती हाक त्याची नव्हती. हळूहळू सगळ्यांच्या ते लक्षात आलं, आणि मग आम्ही सगळेच गप्प बसलो, व्यापारीसुद्धा.

बऱ्याच वेळाने सासूबाई वळल्या. समोर बसलेल्या धाकट्या मुलाकडे त्यांनी नीट बघितलं आणि त्याच नावाने पुन्हा हाक मारली. तेव्हा तामोत्सुने ओ दिली.